नक्षी कुणाकडे, खिळे कुणाकडे

मंडळी, आज सकाळी मी मिस्त्रीच्या हातातलं ड्रिल हिसकावून घेतलं. आमच्या कुंपणावर तो नक्षीदार पॅनेल बसवत होता. सहज म्हणाला, "ताई, नक्षी आपल्याकडे, मागची बाजू शेजाऱ्यांकडे. सगळे असंच करतात."

माझ्या डोळ्यांसमोर रक्तच आलं.

ऐंशीच्या दशकात आम्ही सातपूरला राहायचो. बाबांनी कुंपणाच्या लाकडी चौकटीवर सागवानी जाळ्या ठोकल्या. नक्षी आमच्याकडे. खिळ्यांची टोकं पलीकडे निघाली. ती वाकवायचं काही बाबांनी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू कुंपणावर धुणं वाळत घालायला गेल्या आणि त्यांचा तळहात फाटला. काका पहार घेऊन धावत आले. "आम्हाला खिळे दाखवतो काय रे!" म्हणत जाळ्या फोडू लागले. बाबांनी हातोडा उचलला आणि थेट त्यांच्या तोंडावर हाणला. काका कोसळले तरी बाबा थांबेनात. शेवटी आई बाबांच्या मनगटाला कडकडून चावली, तेव्हा कुठे हातोडा सुटला.

काका वाचले, पण डावा डोळा गेला. आदल्या दिवसापर्यंत दोघं एकाच सायकलवरून कारखान्यात जायचे हो!

मिस्त्रीला म्हटलं, "फिरव ते पॅनेल. नक्षी त्यांच्याकडे."

"मग तुम्हाला काय दिसणार?"

"मागची बाजू."

तुम्हीही आज जरा शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन आपलं कुंपण बघा. टोकं कुठे निघालीत, ते आपल्या घरातून दिसत नाही.