मुलुंडचा दरबार

मुंबईत शिरताना आधी समुद्र दिसेल, अशी माझी समजूत होती. कराडची एसटी कळवा, ठाणे करत मुलुंडच्या जकात नाक्यावर थांबली आणि दिसली ती धुराडी आणि मालट्रकांची रांग. शेजारी माझा धाकटा भाऊ वसंता खिडकीकडे तोंड करून बसला होता. तो फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे वायरलेसवर, नाईक होता. बांगलादेशच्या लढाईनंतर त्याच्या कानात आवाज सुरू झाले. फौजेने घरी पाठवलं आणि पुढची दोन वर्षं तो मागच्या खोलीतच बसून राहिला. आता वेड्यांच्या इस्पितळात टाकू, असं चुलत्यांनी ठरवलं होतं. मी पडले शाळामास्तरीण, त्यातून तापट. आठ दिवसांची रजा टाकली आणि वसंताला घेऊन निघाले. आजारी माजी सैनिकांना काम शिकवून नोकरीला लावणारं एक केंद्र मुलुंडला आहे, एवढंच मला कळलं होतं.

मुक्काम घाटकोपरला, टेकडीवरच्या चाळीत, मावसबहीण मालूकडे. तिचे यजमान मालवणचे, त्यामुळे ताटात आंबोळ्या (आंबवलेल्या पिठाचे जाड घावन) आणि काळ्या वाटाण्यांचं सांबार. वसंताने चार आंबोळ्या खाल्ल्या. नळाला पहाटे तासभरच पाणी असतं हे मला ठाऊक नव्हतं. पिंपातलं निम्मं पाणी मी अंघोळीला संपवलं.

"शांते, वाट लावलीस ना गं माझी," असं म्हणत मालू शेजारणीकडे कळशी मागायला गेली.

मी मात्र वसंताला सजवण्यात दंग होते. इस्त्रीचा सदरा, चकचकीत बूट, छातीवर पदकं. माझी सगळ्यात मोठी चूक ती हीच.

मुलुंडचं केंद्र म्हणजे पत्र्याची लांब शेड. आत दहा-बारा माणसं बाकांवर बसून पंख्यांच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळत होती. केंद्राचे प्रमुख निवृत्त मेजर. त्यांना पाहताच वसंताने टाचा जुळवल्या.

"आवाज ऐकू येतात?"

"नाही साहेब."

"झोप लागते?"

"लागते साहेब."

"कुछ तकलीफ?"

"काही नाही साहेब."

मेजरांनी कागद परत केले. "बाई, हा तर ठणठणीत आहे. इथली एक जागा मी खऱ्या आजारी माणसाला देईन. याला अंधेरीच्या नोकरीच्या कचेरीत न्या."

साकीनाका, मरोळ अशी धूळ खात बसने अंधेरी गाठली. तिथल्या कारकुनाने इस्पितळाचा दाखला वाचला आणि बोट लावायलाही भीती वाटावी तसा टेबलावर ठेवला. "आजारी माणूस आमच्याकडे कशाला आणलात?" म्हणजे एकाच्या मते तो फार बरा, दुसऱ्याच्या मते फार आजारी. मला रडू कोसळलं, रागाने.

बसथांब्यावर एका कोळणीने टोपली बाजूला सरकवली. "बस गो बाय," एवढंच म्हणाली. मी बसले आणि भर रस्त्यात वसंताला झापलं. "रोज पहाटे भिंतीशी बोलतोस. मग साहेबांना खरं का नाही सांगितलंस?"

तो वाकून बुटांवरची धूळ पुसू लागला. "अक्का, असं उभं राहून साहेबापुढे रडगाणं गात नाहीत. सांगायचं ते दरबारात."

दरबार म्हणजे काय, ते त्याच्याकडूनच कळलं. पलटणीत महिन्याकाठी सगळे जवान जमिनीवर बसतात, मोठे साहेब समोर बसतात, आणि त्या दिवशी कुणीही उठून मनातलं बोलावं. दोन वर्षांत त्याने मला सांगितलेली ही सगळ्यात लांब गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मुलुंड. पदकं मी मालूकडेच ठेवली. "साहेब," मी मेजरांना म्हटलं, "माझ्या भावासाठी दरबार लावा."

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग उठून त्यांनी सगळ्यांना काम थांबवायला सांगितलं. माणसं जमिनीवर बसली, वसंता शेवटच्या रांगेत. मेजर समोर खुर्ची घेऊन बसले.

"दरबार शुरू. किसी को कुछ कहना है?"

वसंता उठला. आधी नंबर सांगितला, मग नाव. "साहेब, मला आवाज येतात. वायरलेसवर मेलेले साथीदार बोलावतात. गोळ्या घेतो. गोळ्यांनी सकाळी हात थरथरतात, दहानंतर थांबतात. दहानंतर मी काम करू शकतो. मला काम पाहिजे."

मी दाराची चौकट धरून उभी होते. पुढच्या रांगेतला एक दाढीवाला मागे वळला. "माझेपण थरथरतात यार. तार गुंडाळायला आम्ही दहानंतरच बसतो. तोवर चहा."

"मंजूर," मेजर म्हणाले आणि तिथेच कागद मागवून सही केली.

पुढचे चार दिवस मी मालूबरोबर घाटकोपरचा बाजार पालथा घातला. वसंता रोज मुलुंडला जात होता; मी गेल्यावरही त्याने मालूकडेच राहायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी त्याने गुंडाळलेली मोटार तपासणीत पास झाली. संध्याकाळी मालूने शिरा केला आणि चाळभर वाटला.

परतीची एसटी मी मुलुंडच्या नाक्यावर धरली. वसंता जेवणाच्या सुट्टीत पोहोचवायला आला होता. दोन वर्षं मी त्याच्याबद्दल साऱ्या गावाशी बोलले, पण तो बोलेल अशी जागा करून द्यायचं काही मला सुचलं नव्हतं. हे त्याला सांगावं म्हणून मी खिडकीतून वाकले.

"अक्का, सुट्टी संपली," तो म्हणाला आणि गाडी सुटायची वाटही न बघता शेडकडे झपाझप चालू लागला.

"कोण हो ते?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"भाऊ. मुलुंडला कामाला असतो," मी म्हटलं. कळव्याच्या पुढे गेल्यावर त्यांनी काही विचारलं नव्हतं, तरी पुन्हा एकदा सांगितलं.