मला विचारा की

विजूआत्याला मी शेवटचं पाहिलं ते दवाखान्यात. तिच्या पलंगाच्या पायथ्याशी एक तरुण डॉक्टर उभे होते आणि मामांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, विचारत होते, "पेशंटना झोप लागली का रात्री? काही खाल्लं का?" मामा उत्तर देणार एवढ्यात पलंगावरून आवाज आला, "डॉक्टर, मला विचारा की. मी काय गावाला गेलोय व्हय?" डॉक्टर दचकले, मग हसले आणि स्टूल ओढून तिच्या उशाशी बसले. झोप लागली नव्हती, पेज मात्र खाल्ली होती, पेजेत मीठ नव्हतं, हे तिनं त्यांना सविस्तर सांगितलं. त्याच आठवड्यात ती गेली… महिना उलटला. लोक भेटायला येतात, धीर देतात. मला मात्र अजून ते मिठाचंच आठवतं.

मी शाळेसाठी पेठ वडगावहून कोल्हापूरला आले आणि मंगळवार पेठेत आत्याकडे राहिले. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची होती. आत्या पोलिसात होती. शिपाई म्हणून भरती झाली, मग खात्याची परीक्षा देऊन फौजदार. घरात मामा, त्यांची मुलगी सई आणि आत्याच्या सासूबाई. त्यांना सगळे आक्का म्हणत. मी फार कमी बोलायचे. कुणी पाहुण्यांनी "कितवीत गं तू?" असं विचारलं, की मी तोंड उघडायच्या आत दुसरंच कुणीतरी उत्तर द्यायचं आणि वर "लाजते ती" असं सांगायचं. आत्या घरात असली की हे चालत नसे. "तिला विचारलंय. थांबा की जरा," ती म्हणायची. मग सगळे थांबायचे. ते थांबणं मला नकोसं व्हायचं, कान गरम व्हायचे. पण शेवटी उत्तर माझंच यायचं.

मी नववीत आणि सई दहावीत असताना आत्याच्या पोलीस ठाण्यात एक परिपत्रक आलं होतं. युद्ध होऊन गेलेल्या देशांत शांतता राखायला वेगवेगळ्या देशांचे पोलीस निळी टोपी घालून जातात, त्यासाठी नावं मागवली होती. आत्याला ते कळलं तेव्हा तिचे दोन सहकारी दिल्लीला परीक्षा देऊनही आले होते. ती साहेबांना भेटायला गेली. साहेब भला माणूस. म्हणाले, "अहो, तुमची मुलगी यंदा दहावीला. म्हटलं, कशाला तुमच्या डोक्याला ताप." घरी येऊन बुटांचे बंद सोडता सोडता आत्या मामांना हे सांगत होती. "आणि त्या गेलेल्या दोघातल्या एकाचा पोरगा सईच्याच वर्गात हाय की!" आक्का आतून म्हणाल्या, "मग त्येच्या डोक्याला ताप न्हाय झाला व्हय?" आत्या हसली. पुढच्या वेळी परिपत्रक आलं की माझं नाव घाला, असं ती साहेबांना सांगून आली होती. तिला जायचं होतं. का जायचं होतं, हे तिनं कधी मोठ्या शब्दांत सांगितलं नाही. "बघू तरी," एवढंच.

परीक्षेत इंग्रजी होतं, गोळीबार होता आणि मोठी गाडी चालवणं होतं. गोळीबाराची तिला भीती नव्हती. गाडीची होती. इतकी वर्षं ती पोलीस गाडीतून फिरली, पण कायम मागच्या सीटवर. ठाण्यात गाडी चालवायचं काम पुरुषांकडेच. सरावासाठी तिनं किल्ली मागितली तर चालक म्हणाला, "मॅडम, तुम्ही कशाला तरास घेताय? कुठं जायचंय सांगा, मी सोडतो की." म्हणून ती सुट्टीच्या दिवशी मला घेऊन वडगावला जायची. माझे वडील दुधाचं संकलन करतात, त्यांच्याकडे जुनी जीप होती. बाजार नसलेल्या दिवशी बाजारतळ मोकळा असतो. तिथं दुधाच्या रिकाम्या कॅन ओळीनं मांडायच्या आणि त्यांच्यामधून आत्यानं जीप उलटी घ्यायची. कॅन आडवी झाली की असा आवाज व्हायचा, की चहाच्या गाड्यावरची माणसं उठून बघायची. "विजूताई, दूध सांडलं!" एकानं ओरडून सांगितलं. खिडकीतून डोकं काढून आत्या म्हणाली, "पावणं, तुमचा चहा सांभाळा. आता तिकडंच येतोय मी." आणि खरंच जीप त्यांच्याकडे वळली. ती माणसं कप घेऊन पळाली. नंतर तीच पडलेल्या कॅन उभ्या करून द्यायला लागली.

इंग्रजी माझ्याकडे होतं. मी वाचायचं, तिनं ऐकून अहवाल लिहायचा. मी इतक्या हळू वाचायचे, की ती म्हणायची, "जरा आवाज काढ. परीक्षा माझी हाय, तुझी न्हवं." मी आवाज काढला. एवढ्या मोठ्यानं मी पहिल्यांदाच बोलत होते, आणि तेही फौजदाराला सूचना देत! पण अहवालात ती एक चूक पुन्हा पुन्हा करायची. पंचनामा लिहिण्याची सवय हाडात मुरलेली. इंग्रजीतसुद्धा ती आधी जागेच्या चतुःसीमा लिहायची… पूर्वेला काय, पश्चिमेला काय, उत्तरेला कुणाचं घर. घटना यायची शेवटी. मी सांगायचे, "आत्या, आधी काय झालं ते लिही." ती म्हणायची, "अगं, पण कुठं झालं ते ठरल्याशिवाय काय झालं कसं लिवू?" पहिल्या खेपेला दिल्लीत ती यातच अडकली. गाडी, गोळीबार पास. अहवालात चारही दिशा व्यवस्थित, आणि घटना लिहायच्या आधी वेळ संपली. परत आली तेव्हा मला वाटलं, आता सोडून देईल. तिनं फक्त वही माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, "चल. आता दिशा न्हाईत."

पुढच्या खेपेला ती सगळ्यात पास झाली. यादीत नाव लागलं आणि मग वरच्या कार्यालयातून घरच्या फोनवर फोन आला. घरच्यांची काही हरकत नाही ना, हे विचारायला. पुरुषांच्या घरी असा फोन जात नाही, हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी आत्या ड्यूटीवर, मामा शाळेत शिकवायला गेलेले. फोन आक्कांनी घेतला. मी समोर उभी होते. मला वाटलं, आक्का म्हणतील, सुनेनं वर्षभर परदेशात राहायचं म्हणजे काय… आक्का पलीकडचं ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "सायेब, ती हितं असून तरी कवा घरात असती? जाऊ दे की. आणि हे तिलाच इचारायचं हुतं न्हवं, मला कशाला फोन केला?"

ती गेली. आफ्रिकेतल्या एका देशात वर्षभर होती. फोनवर ती तिथल्या छावणीतल्या बायकांबद्दल सांगायची. सरपणाला जाताना त्यांच्यावर हल्ले होत आणि पुरुष पोलिसांसमोर त्या त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. आत्याच्या शेजारी बसून मात्र त्या दुभाष्या बाईमार्फत बोलायच्या. पण दूरच्या गस्तीवर महिला पोलिसांना नेत नव्हते. वाटेत बायकांची सोय नाही, हे कारण. "परत काळजी!" आत्या म्हणाली. "मी म्हटलं, सोयीचं आम्ही बघतो, तुम्ही गाडीत जागा ठेवा." त्यानंतर ती गस्तीवर जायला लागली. कधी कधी गाडीही तीच चालवायची. ते सांगताना तिचा आवाज दुधाच्या कॅन पाडायच्या दिवसांतल्यासारखा असायचा.

आज मी नोकरी करते. चारचौघांत अजूनही फार बोलत नाही. पण मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी देते, माझ्या वतीनं दुसऱ्याला देऊ देत नाही. एवढं जरी मी तिच्याकडून घेतलं, तरी ते पुष्कळ आहे. तिला हे कधी सांगितलं नाही. तिला सांगावं लागलंही नसतं बहुधा.

परवा मामांबरोबर ठाण्यात गेले, आत्याचं कपाट रिकामं करायला. सकाळची हजेरी चालू होती, म्हणून आम्ही व्हरांड्यात थांबलो. आफ्रिकेतल्या त्या मोहिमेवरून आल्यावर आत्यानं तिथं एक पद्धत पाडली होती, हे मला त्या दिवशीच कळलं. कोणतंही परिपत्रक आलं की ते हजेरीत मोठ्यानं वाचायचं आणि प्रत्येकीला नावानं विचारायचं. एक तरुण फौजदार बाई मोहिमेचंच परिपत्रक वाचत होत्या. एका शिपाई मुलीचं नाव पुकारलं. मागून एक हवालदार सवयीनं बोलायला लागले, "मॅडम, तिचं बाळ अजून…" आणि मधेच गप्प झाले. कुणी त्यांना गप्प केलं नव्हतं. पूर्ण रांग थांबली होती. ती मुलगी खाली बघत होती, विचार करत होती. कुणी घाई केली नाही.

मग ती म्हणाली, "आवंदा न्हाय जमणार, मॅडम. पुढच्या टायमाला परत माझं नाव पुकारा."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं.