हजेरीतली बहीण

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. अक्कलकुव्याच्या पुढं, डोंगरातल्या दोन शिक्षकी शाळेवर आले तेव्हा सापांची भीती वाटायची. सापांची सवय झाली. हजेरीपटाची भीती मात्र बसली ती बसलीच.

दिवाळी झाली की आमचा पाडा निम्मा रिकामा होतो. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, पोरंही सोबत, ती थेट होळीला परततात. पहिल्या वर्षी मी खरी गैरहजेरी मांडली. मुख्याध्यापक माझ्यासारखेच तापीकाठचे, मायाळू माणूस. त्यांनी घरच्या भाषेत समजावलं, "बाई, नावं कमी व्हयनात ते शाळा बंद पडी जाई. हजर लिखा नि मोकया व्हा."

मी लिहीत गेले. आणि रोज परिपाठात पोरांकडून 'मी खोटं बोलणार नाही' असं म्हणवूनही घेत गेले. निर्लज्जपणा म्हणतात तो हाच.

गेल्या हिवाळ्यात सर बैठकीला गेले होते आणि भरदुपारी घाटात जीप वाजली. विस्तार अधिकारी! साहेबांनी पोरं मोजली, मग हजेरीपट उघडला.

"चौतीस हजर? इथं तर सतराच दिसतात."

नोकरी गेली, एवढंच डोक्यात. साहेबांनी समोर बसलेल्या तिसरीतल्या मुलीचं नाव विचारलं, मग तिच्याच आडनावाच्या एका नावावर बोट ठेवून म्हणाले, "ही तुझी कोण?"

"बहीण, सर. मोठी."

"कुठंय?"

बहीण दोन महिन्यांपासून उसाच्या फडात होती, तान्ह्या भावाला सांभाळायला. धाकटी आजीकडे राहिली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. पोरं पुस्तकाआधी बाईंचा चेहरा वाचतात.

"पाणी आणायला गेली, सर. येईल आता."

साहेबांनी मान डोलावली. सुटले! त्या क्षणी मला झालेला आनंद आठवला की अजून लाज वाटते. मग पोरगी माझ्याकडे बघून हसली. गणित बरोबर आलं की ती असंच हसून शाबासकीची वाट बघायची. त्या हसण्याला मी घाबरले. इतकी भीती मला जीपचीही वाटली नव्हती.

"साहेब, ती खोटं बोलतेय," मी म्हणाले. "तिची बहीण गुजरातेत आहे. हजेरी मी खोटी भरलीय." मी फळ्याला धरून उभी राहिले. साहेबांनी पेन काढलं.

चौकशी अजून चालू आहे. शाळेचं काय होणार, कुणी सांगत नाही. सर माझ्याशी कामापुरतं बोलतात.

ती पोरगी मात्र दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती दाराआड उभी होती.

"मॅडम, तुम्ही घाबरल्या होत्या म्हणून मी सांगितलं," ती म्हणाली. "मग सगळ्यांसमोर मलाच खोटी का म्हटलं?"

खोटं बोलणाऱ्यांत आधी माझं नाव घ्यायला हवं होतं. ते मी नंतर घेतलं, तिचं आधी. हे मला तिच्या दारात उभं राहिल्यावर कळलं.