डावीकडे कलला, उजवीकडे पडला

मूल या तालुक्याच्या गावापुढच्या एका खेड्यात बायकांच्या बचत गटाचा फवारणीचा ड्रोन पहिल्याच उड्डाणात उलथला. चंद्रपूरच्या ज्या वर्कशॉपात मी काम करते तिथेच तो जुळवला होता. म्हणून दुसऱ्या सकाळी लॅपटॉप आणि पंख्यांची नवी पाती घेऊन मी एसटीत बसले.

बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, पोचले तर गटाच्या अध्यक्षबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, छत्री उघडून बसल्या होत्या. ड्रोन चालवणारी, माझ्याच वयाची, बाजूला मान खाली घालून उभी होती.

"कोनी माणूस नाई आला काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मीच आले. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी आहे माझ्याकडे." आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते.

"पाहा मंग. पन आमाले मालूम हाये, हिचा हात हालला. संध्याकाळी मीटिंग हाये. रिमोट माह्या भाच्याले देऊन राह्यलो."

त्या चालवणारीने लेकरं सासूजवळ ठेवून नागपूरला ट्रेनिंग घेतलं होतं, लायसन्स काढलं होतं. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, माहा हात खरंच हालला काय? मलेच समजून नाई राह्यलं."

उडवायच्या आधी काय काय केलं, ते मी विचारलं. पूजा केली होती. ट्रॅक्टरची पूजा इंजिन चालू ठेवून करतात, तशीच याची. पंखे फिरत होते म्हणून आरती लांबूनच ओवाळली, तरी हवेने दिवा विझायचा. पेटवला की पुन्हा विझायचा.

"मीच म्हनलं हिले, जरा आवाज तं येऊ दे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मंग हिनं दांडी थोडी वर केली अन् खाली घेतली."

मी लॉग, म्हणजे ड्रोनने स्वतः ठेवलेली उड्डाणाची नोंद, उघडला. ड्रोनच्या पोटात एक लहानसा बोर्ड असतो, फ्लाइट कंट्रोलर. ड्रोन कलला की तो मोटारींना कमीजास्त जोर देऊन सरळ करतो. तेवढ्याने भागलं नाही तर राहिलेली चूक बेरजेत टाकत जातो आणि जोर वाढवत नेतो. त्या बेरजेला इंटिग्रल म्हणतात. कॉलेजात हा धडा पाठ करून मी पास झाले होते, पण तो कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. ड्रोन जमिनीवर असेपर्यंत ही बेरीज शून्यावर राहावी म्हणून सेटिंगमध्ये एक हद्द असते. रिमोटची दांडी एकदा त्या हद्दीच्या वर गेली की बोर्ड धरून चालतो, आपण हवेत आहोत. इथे ती हद्द फारच खाली होती; आवाजापुरती वर केलेली दांडीही ती ओलांडून गेली. बेरीज किती वाढू द्यायची, तेही मोकळंच सोडलेलं.

"काकू, आरतीच्या वेळी ड्रोन उभा होता तेव्हा कुठे कलला होता?"

"डावीकडं. तिकडं धुरा खचला हाये."

"आणि पडला कुठे?"

"उजवीकडं," त्या म्हणाल्या.

मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. "ही हिच्या हाताची रेघ. सरळ आहे. ही दुसरी बोर्डाच्या बेरजेची. आरतीभर चढत गेली. पाय मातीत टेकलेले, सरळ होणार कसा? मग उचलल्याबरोबर साठलेला सगळा जोर एकदम उजवीकडे गेला. हद्द आमच्या वर्कशॉपातच खाली राहिली. हिचा हात हलला नाही."

"म्हंजे तो बसल्या जागी समजून राह्यला होता का मी उडून राह्यलो?"

"हो."

"असा एक आमच्या घरीबी हाये," अध्यक्षबाई म्हणाल्या. चालवणारी तोंडावर पदर धरून हसली.

मी हद्द वर नेली, बेरजेला मर्यादा घातली, पाती बदलली. टाकी रिकामी ठेवली, सगळ्यांना लांब बसवलं आणि ड्रोन मुद्दाम त्याच खचलेल्या धुऱ्यावर ठेवला.

"तूच उडव ना बाई, शिकेल आहेस," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मी दुरुस्त करते. लायसन्स हिचं आहे."

तिने पंखे चालू केले. आवाज येऊ दिला, दांडी खाली घेतली, आणि मी सांगितलं तसा तो आरतीएवढा वेळ तिथेच घरघरत ठेवला. मग तिने उचलला. ड्रोन थोडा हलला, सावरला आणि धानाच्या वर जाऊन थांबला. बांधीच्या टोकापर्यंत नेऊन तिने तो परत आणला, खळ्याच्या सपाट जागेवर उतरवला.

अध्यक्षबाईंनी छत्री मिटली. "मीटिंग तं होईन. पन भाच्याले फोन लावा कोनी. नको येऊ म्हना."

मी या उड्डाणाचा लॉग उतरवून घेत होते तेवढ्यात ती शेजारी येऊन उकिडवी बसली. स्क्रीनवर ऊन पडत होतं. तिने ओंजळीने सावली केली.

"ही माही रेघ ना?"

"हो."

"अन् ही खाली पडून हाये ते बेरीज?"

"तीच."

"ते हद्द कुठी लिहिली राह्यते, ते दाखवा."

मी सेटिंगचं पान उघडलं आणि लॅपटॉप तिच्या मांडीवर दिला. तिकडून टाकी भरायला हाक आली.

"थांबा काकू," ती मान वर न करता म्हणाली, "वाचून राह्यली मी."