नाव न येण्याची नोकरी

"माझा नाव इला काय रे?"

सामना संपला की हेल्मेट काखेत मारून तो आधी माझ्या टेबलापाशी यायचा आणि मालवणीत हे विचारायचा, म्हणजे माझ्या कागदावर त्याचं नाव आलं का. मी "नाही" म्हटलं की त्याचा घामेजलेला चेहरा दहावी सुटल्यासारखा खुलायचा. तुम्ही म्हणाल, नाव यावं म्हणून लोक जिवाचं रान करतात, आणि हा बाबा उलटाच! पण त्याचं कामच तसं होतं.

आपल्याकडे अमेरिकन फुटबॉलची एक लीग निघाली तेव्हा मुलुंडच्या संघात मी गुणलेखक होतो आणि तो पुढच्या फळीत. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी उभे राहतात आणि धावून येणाऱ्यांना अंगावर घेतात. फेकणाऱ्याचं नाव माझ्या कागदावर यायचं, झेलणाऱ्याचं यायचं. या पाचांचं यायचं ते फक्त फाउल केला तर.

आणि त्यांचा नेहमीचा फाउल कुठला, तर पकडणं. समोरच्याला थोपवा, रेटा, पण पकडू नका. आता हा भांडुपचा, कबड्डीत पंधरा वर्षं डावा कोपरा सांभाळलेला. पाय दिसला की हात जायचाच. पहिल्या दोन सामन्यांत त्याने दोघांना असं झकास लोळवलं, की भांडुपकरांनी टाळ्या पिटल्या आणि कोचने कपाळावर हात मारून घेतला.

"फिर पकडा, तो सीधा घर," कोचने बजावलं.

घरी जाणं त्याला परवडणारं नव्हतं. कबड्डीने कप दिले होते, पगार कधीच दिला नव्हता. पस्तिशीत पहिल्यांदा तो खेळावर घर चालवत होता.

मग पठ्ठ्याने उपाय काढला. सरावाला दोन्ही मुठींत एकेक लिंबू धरून उभा राहायचा. लिंबू पडलं म्हणजे बोटं उघडली. "दृष्ट उतरवतोस काय रे?" म्हणून सगळे खेचायचे. तो हसायचा आणि सराव संपला की त्याच लिंबांचं सरबत सगळ्यांना पाजायचा. फेकणारा म्हणजे घाटकोपरचा एक काटकुळा इंजिनियर. त्याच्या खांद्याचं हाड आधी एकदा मोडलेलं, त्यामुळे तो सारखा मागे बघायचा. चेंडू फेकताना त्याची पाठ नेमकी आपल्या गड्याच्या बाजूला असायची.

"तू चेंडू बघ," हा त्याला सांगायचा. "मी हंय आसंय."

पुढचे पाच सामने त्याचं नाव आलं नाही. मला तो माणूस फार आवडायला लागला होता.

शेवटच्या सामन्यात, काही सेकंद उरले असताना, त्याचा गुडघा फिरला. तो खाली बसला आणि समोरचा रेडा त्याला ओलांडून इंजिनियरच्या पाठीवर निघाला. चेंडू सुटला, पलीकडे झेलला गेला, लोक नाचायला लागले. मी मात्र खाली बघत होतो. जमिनीवर पडल्या पडल्या त्याने दोन्ही हातांनी त्या गड्याचा घोटा धरला होता. कबड्डीतली अस्सल पकड. शिट्टी झाली, गुण रद्द झाले, आम्ही हरलो.

त्याला स्ट्रेचरवर घातलं तेव्हा मी धावत गेलो.

"इला मा?" त्याने विचारलं.

"आलं रे."

"येवंदे. त्येका लागला नाय ना?" त्याची नजर इंजिनियरला शोधत होती.

कोचने काढायची वेळच आली नाही, गुडघ्यानेच त्याला काढलं. भांडुपच्या टेकडीवरच्या घराच्या पायऱ्या त्याला चढवेनात. आईला बहिणीच्या भरवशावर ठेवून तो गावी, सपाटीवर, राहायला गेला. जाताना त्याने आईसाठी म्हणून माझ्याकडून शेवटच्या सामन्याच्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली.

"सगळ्या फोटोंत माझी पाठच," तो म्हणाला. "आवशीक दाखवूक कायतरी व्हया."

गेल्या महिन्यात त्या पायऱ्या चढून मी त्याच्या आईला भेटायला गेलो. कबड्डीच्या कपांच्या मधोमध तो कागद, लॅमिनेट करून ठेवलेला. माझ्याच अक्षरात त्याचं नाव, आणि पुढे फाउलची खूण.

"बक्षीस कसला ह्या, ता तो सांगणा नाय," ती म्हणाली.



"एका माणसाची पाठ राखली त्याने, मावशी," मी म्हणालो.

तिने पदराने कागद पुसला आणि कपांच्या पुढे आणून ठेवला.