आठवड्याची गोळी

पंजाबराव धोटे एक्कावन्न वर्षांचे, वजन एकशे अठरा किलो. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कंट्रोल रूमच्या एसी केबिनमध्ये बसून खाली सरकणारं तापलेलं लोखंड बघायचं आणि बटणं दाबायची, ही त्यांची ड्युटी. अंगावर ऊन पडायचं ते सेक्टर सहाच्या क्वार्टरपासून गेटपर्यंत, स्कूटरवर असताना.

मार्चमध्ये धाकटा भाऊ लहानू गेला. चव्वेचाळीसचा होता. जेवता जेवता ताटावरच कलंडला. पंजाबराव रडले नाहीत. तेरवीला पाहुण्यांच्या पाण्याचं बघितलं, दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाले. कोणी विचारलं की म्हणायचे, "ठीक हाय."

बायको रमा मात्र ऐकेना. "तुमचं बी वजन त्याच्यासारखंच हाय. एकदा दाखवून या. मले भेव वाटून राहिलं."

तपासणीत ब्लडप्रेशर एकशे साठ निघालं, व्हिटॅमिन डी अगदी तळाला. डॉक्टरीणबाईंनी हिंदीत नीट समजावलं. लठ्ठ माणसांत हे व्हिटॅमिन बरेचदा कमी सापडतं, चरबीत जिरून राहतं. हृदयरोग्यांतही ते कमी दिसतं, पण ते घेतल्याने हार्ट अटॅक टळतो असं काही ठरलेलं नाही. प्रेशरची गोळी रोज, ही कॅप्सूल आठवड्याला एक, अशा आठ. बाकी चालणं आणि वजन. पंजाबरावांनी प्रत्येक वाक्यावर मान हलवली. त्यांचं लक्ष टेबलावरच्या प्लास्टिकच्या हृदयाकडे होतं. त्याचे दोन भाग निघत होते.

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही गोळ्या एकाच डबीत ठेवल्या आणि रोज सकाळी चहासोबत दोन्ही घेऊ लागले. संपल्या की मेडिकलमधून गोळ्यांचा नवा पत्ता आणायचे. तिथे कोणी काही विचारत नसे. असे अडीच महिने गेले.

जुलैत तहान वाढली. पोट साफ होईना, अन्नावरची वासना उडाली.

"कावून जेवून नाही राहिले?" रमाने विचारलं.

"भूक नाही."

तिला वाटलं, भावाचं दुःख आता वर येतंय. म्हणून तिने आग्रह धरला नाही. मग एका सकाळी त्यांना तीन उलट्या झाल्या. मुलगी ऐश्वर्या डबी घेऊन आली. तिच्या हातात रिकामे पत्ते होते.

"बाबा, ये वाली तो हफ्ते में एक थी. तुम्ही रोज घेऊन राहिले का?"

"दोन्ही सोबतच घेतो मी."

"डॉक्टरनी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं असन," पंजाबराव म्हणाले.

रोजच्या कॅप्सूलने रक्तात कॅल्शियम फार वाढलं होतं. पाच दिवस दवाखान्यात सलाईन चाललं. कॅप्सूल बंद, दूध-दही बंद, पाणी भरपूर. चरबीत साठलेलं व्हिटॅमिन सावकाश उतरेल, काही महिने लागतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी दुपारी रमा पलंगाजवळ बसली होती. छताकडे बघत पंजाबराव म्हणाले, "लहानू गेला ना, मले काईच वाटून नाही राहिलं. रडू येत नाही. राग बी नाही."

"माहीत हाय मले."

"कधीपासून?"

"तेरवीपासून."

रमाने त्यांच्या पायावरची चादर सारखी केली.

कॅल्शियम नोव्हेंबरात जागेवर आलं. आता दोघं सकाळी ऊन पडल्यावर सेक्टरच्या मैदानाला चार चकरा मारतात. वजन एकशे दहावर आलं, प्रेशरही उतरलं. रविवारी पंजाबराव कॅम्प-1 मध्ये लहानूच्या बायकोकडे, निशाकडे जातात. तिचं बोलणं ऐकतात. ती रडते तेव्हा तिथेच बसून राहतात. मागच्या रविवारी तिने विचारलं, "भाऊजी, तुमाले आठवण येते का त्यायची?"

पंजाबरावांनी थोडा विचार केला.

"अजून नाही," ते म्हणाले.