फावडं रोवलं तिथून

मालेगावच्या शाळेतून परतताना मी रोज वाटेवरच्या एका माळ्याच्या मळ्यात टेकायचो. विहिरीवर मोट हाकताना तो बैलांशी अखंड बोलायचा, माणसांशी मात्र मोजकंच. संध्याकाळी पाणी ज्या वाफ्यापर्यंत पोचलं असेल, तिथं फावडं रोवायचा. सकाळी पाणी तिथूनच पुढं.

मी तेव्हा शिकवता शिकवता इंग्रजीच्या परीक्षेला बसत होतो. ‘मेकिंग हेडवे’ म्हणजे उलट्या वाऱ्यातही जहाजानं पुढं सरकणं, असं पुस्तकात होतं. समुद्र पाहिलाय कोणी! मी त्या माळ्यालाच सांगून पाहिलं.

“मोटीवानीच झालं, मास्तर,” तो म्हणाला. “बैल जागच्या जागी खाली-वर करून राह्यले, पन पानी पुढं सरकून राह्यलं.”

मी दुसऱ्यांदा नापास झालो, तेव्हा पुस्तक त्याच्याच विहिरीत फेकायला निघालो. त्यानं ते हिसकावलं.

“कुठलोक समजलं तुमाले?”

मी जागा दाखवली. तिथं त्यानं मेथीची काडी घातली.

“उद्या इथून धरजा.”

पुढं माझा निकाल त्यानं कधीच विचारला नाही. काडी कुठवर सरकली, तेवढं मात्र रोज विचारायचा.